घुबडाची झोपमोड

जंगलात माणसाची पायवाटही पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. केसोबा अस्वलाकडे सुतारपक्षी नोकरीला होते. त्यांनी खोडं पोखरायची आणि केसोबाने आतला मध चाटायचा. भर दुपारी कुणाला राबवायचं नाही, असा जंगलाचा कायदा होता. केसोबा नेमका दुपारीच राबवायचा.

ठोकूबाई सुतारपक्षीण सुजलेली चोच घेऊन हत्तीच्या न्यायालयात गेली.

"तक्रार फक्त तपासनीसच करू शकतो," हत्ती म्हणाला. "मी डोळसराव घुबडाला नेमलंय. त्याला भेट."

घुबड म्हणालं, "दुपारी कुणाला काम करताना मी आजवर पाहिलेलं नाही."

"अहो, दुपारी तुम्ही घोरत असता!"

"तरीच!" म्हणून घुबड पुन्हा झोपलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ठोकूबाई केसोबाला म्हणाली, "मालक, घुबडाच्या झाडातून मधाचा वास येतोय."

"मग बघताय काय? फोडा!"

सगळ्या सुतारपक्ष्यांनी एकदम ठोकायला सुरुवात केली. घुबड ढोलीतून थेट केसोबाच्या डोक्यावर आपटलं आणि किंचाळत न्यायालयात पोचलं, "भर दुपारी काम चाललंय हो!"

केसोबाला शिक्षा झाली: यापुढे स्वतःच्या नाकाने खोड फोडायचं.

ठोकूबाईने विचारलं, "महाराज, दर वेळी यांना ढोलीतून पाडायचं का?"

"नको गं बाई. यापुढे ज्याची चोच दुखेल, त्यानेच मालकावर खटला भरावा."

"असं होय?" घुबड डोळे चोळत पुढे आलं. "मग पहिला खटला माझा. घुबडाला दिवसपाळी लावणाऱ्यावर."

सगळं न्यायालय हत्तीकडे बघू लागलं.