पाण्यात ठेवलेला देव

एका राज्यात बारा वर्षं कुणीच मेलं नव्हतं.

तिथल्या राजाचं नाव सोमकीर्ती. राणी बाळंतपणात गेली, मागे उरली एकुलती एक मुलगी हेमकळा. ती सात वर्षांची झाली आणि तापाने फणफणली. आठ दिवस ताप उतरेना. राजवैद्याने नाडी पाहिली, पोरीचा हात हळूच खाली ठेवला आणि सांगितलं की आता नववा दिवस ठरवील, पोर इकडे की तिकडे. तेव्हा राजाने तेच केलं, जे त्या राज्यातलं कुठलंही घाबरलेलं घर करी. देव्हाऱ्यातला देव उचलून पाण्याच्या हंड्यात ठेवला. देव मूठभर, काळ्या पाषाणाचा, त्याला चांदीचे दोन डोळे.

रीत अशी, की मागणं पुरं झालं की देवाला बाहेर काढायचं, पुसायचं, गोडधोड दाखवायचं आणि जागेवर बसवायचं. लोक लेकरापुरतं मागत, गाईपुरतं मागत. राजाने रागाच्या भरात सगळंच मागितलं. म्हणाला, "माझ्या राज्यात मरण आहे तोवर तू पाण्यातून निघायचं नाहीस." एवढं म्हणून तो हंड्यावर डोकं टेकून रडला, आणि कालजिव्ह मांत्रिकाकडून झाकणाला मंत्राची मोहोर घालून घेतली.

ताप होता तिथे अंगातच दबून थांबला. मरणही थांबलं. आता रीतीप्रमाणे देवाला काढायला हवं होतं. पण काढलं तर मरण परत येणार, म्हणून राजा उद्या म्हणाला, परवा म्हणाला, आणि देव हंड्यातच राहिला.

पहिली काही वर्षं लोकांनी गुढ्या उभारल्या. माणसं विहिरीत पडत आणि ओली होऊन वर येत. मग एकेक गोष्ट ध्यानात येऊ लागली. जे उगवलेलं होतं ते वाढत होतं, नवं काही उगवत नव्हतं. पेरलेलं बी मातीत जसंच्या तसं पडून राही. विरजण लावलेलं दूध सकाळी दूधच. ज्या बायकांना दिवस गेले होते त्यांचे दिवस तिथेच थांबले. एक सुतारीण बारा वर्षं सातव्या महिन्यात होती आणि तिच्या सासूने डोहाळे पुरवता पुरवता हात टेकले होते. दुखणी मारत नव्हती आणि बरीही होत नव्हती. कोठारात वर्षभराचं धान्य उरलं होतं.

आणखी एक झालं, त्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. घरातून निघताना माणसं "येतो" म्हणायची सोडून "जातो" म्हणू लागली. पूर्वी असं बोलणाऱ्याच्या पाठीत म्हातारी माणसं धपाटा घालत. आता आतून कुणी मानही वर करीना. जाऊन जाऊन जाणार कुठे?

हेमकळा एकोणीस वर्षांची झाली. ताट पडलं तरी दचके, दार वाजलं तरी दचके. तिला ठाऊक होतं की तिच्या तापाचा नववा दिवस अजून यायचा आहे. देव बाहेर निघेल त्या घटकेला तो सुरू होईल.

तिला वाढवलं होतं भिवरा दाईने. आठ वर्षांपूर्वी भिवरा पायऱ्यांवरून घसरली आणि तिचा खुबा मोडला. हाड जुळेना, वेदना हटेना. हेमकळा रोज तिला तेल लावी, रोज भिवरा दात आवळून तिलाच चेष्टेने म्हणे की राजाच्या लेकीचे हात आणि गवंड्याची चोळणी. एके दिवशी मात्र ती हसली नाही.

"हेमुडे, देव चांगला आहे ना गं?"

"चांगला आहे, आऊ."

"मग हे असं का? विचार की त्याला. तुमच्याच घरात बसलाय."

हेमकळा उठली. मोहोर काढल्याशिवाय देवाला विचारता येणार नव्हतं. राजाला न विचारता, अनवाणी, ती भर दुपारी मांत्रिकाला शोधायला वेशीबाहेर पडली.

वेशीवरच्या वठलेल्या पळसावर एक गिधाड बसलं होतं, बारा वर्षांचं उपाशी. ते बोललं तशी हेमकळा दचकून दोन पावलं मागे सरली.

"राजकन्ये, भिऊ नये. मी पाहतो आहे ते निव्वळ सवयीने."

ती कुठे निघाली आहे ते गिधाडाने विचारून घेतलं, आणि मांत्रिकाची वाट आपण दाखवतो म्हणालं. वाटेत लोकांनी त्याला दगड मारले, तेव्हा त्याने मान खाली घातली आणि म्हणालं, पोटभर जेवत होतो तेव्हाही हे असंच मारायचे.

कालजिव्ह मांत्रिक टेकडीवरच्या कपारीत राहत होता. मरण थांबलं त्या घटकेला त्याला उचकी लागली होती, ती बारा वर्षं थांबली नव्हती. त्याने सांगितलं की मोहोर घालणं आपल्या हातात होतं, काढणं नाही. ती तिघांच्या राजीखुशीने सुटेल. जमायला राजी झालेलं दूध, कुजायला राजी झालेलं बी, मरायला राजी झालेलं माणूस. तिघांपैकी कुणालाही भुलवायचं नाही. एक शब्द खोटा बोललीस तर मोहोर दुप्पट आवळेल.

हेमकळा परतली. तिने वाटीभर दूध कोमट केलं आणि त्याला विचारलं.

"मी उरेन का?" दूध म्हणालं.

"दूध म्हणून नाही उरणार."

"मग काय होईन?"

"दही म्हणतात त्याला. पण तुला तुझी ओळख राहील का, ते मला ठाऊक नाही. तुझ्या जागी मी असते तर मलाही भीती वाटली असती."

दुधाने विचारलं की तोवर तू कुठे असशील. हेमकळेने वाटी मांडीवर घेतली, वरून पदर घातला आणि दिवसभर हलली नाही. संध्याकाळी दूध जमलं, आणि हंड्याच्या मोहोरेला पहिला तडा गेला.

मग तिने वालाचं बी घेतलं. बी म्हणालं, मातीत काळोख असतो आणि एकटं असावं लागतं. हेमकळेने परड्यातली माती उकरली, बी मुठीत धरलं आणि मनगटापर्यंत हात पुरून बसली. पहिल्या दिवशी मुंग्या चढल्या. दुसऱ्या दिवशी दासी हसल्या, म्हणाल्या, राजकन्येने स्वतःलाच लावलं की काय? तिसऱ्या दिवशी मुठीतलं काहीतरी मऊ झालं आणि तिच्या तळव्याला हिरवं टोक टोचलं. दुसरा तडा गेला.

तिसऱ्यासाठी भिवरा केव्हाची तयार होती. चौघांनी तिला खाटेसकट हंड्यापाशी आणलं. तिने हात ठेवला. मोहोर हलली नाही.

खिडकीत बसलेलं गिधाड म्हणालं, "ही राजी नाही. ही दमली आहे."

मग आवाज ऐकून राजा आला. मोहोरेवरचे दोन तडे पाहून त्याला सगळं कळलं. त्याने मुलीला मागे ओढलं आणि स्वतःचा हात झाकणावर ठेवून मोठ्याने म्हणाला की मी राजी आहे, मला ने आणि हिला ठेव. मोहोर हलली नाही. गिधाडाने सांगितलं, महाराज, हा अजून सौदाच झाला. राजाने त्याच्यावर पायातली मोजडी फेकली.

हेमकळेने राजाचा हात हळूच बाजूला केला.

"आबासाहेब, माझा नववा दिवस मला द्या."

"पोरी, तो तुला घेऊन जाईल."

"नेईलही. मला मरायचं नाही. मला खूप जगायचंय, तुमच्या मिशा पांढऱ्या झालेल्या बघायच्यात. पण सुतारणीचं बाळ बारा वर्षं दाराशी थांबलंय, आबासाहेब. माझ्यासाठी थांबलंय."

राजाने मान फिरवली, पण हात पुन्हा झाकणाकडे नेला नाही. हेमकळेने झाकण धरलं. मोहोर फुटली, तिच्या आवाजानेही ती दचकली.

तिने पाण्यातून देव काढला. तो इतका गार होता की तिची बोटं दुखली. चांदीचे डोळे काळवंडले होते. ते पदराने पुसता पुसता तिने विचारलं.

"देवा, तू चांगला आहेस ना?"

"आहे."

"मग दुखणं का? मरण का?"

देव म्हणाला, "कारण आहे. ते तुझ्या ओंजळीत मावणार नाही. आणि मावलं तरी भिवराच्या खुब्याला त्याचा लेप होणार नाही."

"या झाकणाने तुला अडवलं होतं?"

"झाकण मला काय अडवणार."

"मग निघाला का नाहीस?"

"तुझा बाप रडत होता. रडत्या माणसाच्या हातातून हिसडा मारून कसा निघू? त्याने ठेवलं तिथे बसलो. भिवरा कण्हायची ते ऐकू यायचं."

"नुसतं ऐकत होतास," हेमकळा म्हणाली. तिला राग आला होता.

"पाण्यात बसून ऐकत होतो. आता तू तिच्याजवळ जा."

ती वळली, आणि अंगात ताप चढला. नववा दिवस सुरू झाला.

राजाने दोघींच्या खाटा शेजारी लावल्या. भिवराने कूस न बदलता विचारलं की सांगितलं का त्याने.

"नाही सांगितलं, आऊ. तुझ्याजवळ जा म्हणाला."

"मग आलीस ना," भिवरा म्हणाली. हेमकळेचा तापलेला हात तिने आपल्या गालाखाली घेतला, आणि सूर्य मावळायच्या आत, आठ वर्षांत पहिल्यांदा कपाळाला आठी न घालता, ती गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हेमकळा कुणाला ओळखत नव्हती. राजा एकदा उठला, त्याने देवाला उचलून पाण्याच्या हंड्यापाशी नेलं आणि तिथे उभा राहिला. मग परत येऊन त्याने देव कोरडाच मुलीच्या उशाशी ठेवला. हेमकळेच्या कपाळाला घाम फुटला तेव्हा ऊन कलत होतं. ताप उतरला. का उतरला, ते कुणी सांगितलं नाही.

राज्य पुन्हा चालू लागलं. शेतं हिरवी झाली. सुतारणीला आठवा महिना लागला, मग नववा, आणि तिला मुलगी झाली. मांत्रिकाची उचकी थांबली आणि शांतता सहन होईना म्हणून तो गावात राहायला आला. गिधाड कुठे जेवलं, ते विचारू नये.

पण तोच ताप बारा वर्षांपूर्वी कुंभारवाड्यातही आलेला होता. सगुणा कुंभारणीची मुलगी हेमकळेच्याच वयाची. तिचाही नववा दिवस राहिला होता, आणि तो तिला घेऊन गेला. सगुणा राजवाड्यात आली, देवापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "राजाची ठेवलीस. माझी का नाही?" देव बोलला नाही.

हेमकळेने ते दाराआडून ऐकलं. तिला वाटलं, पळून जावं. देवाने आपल्याला काय सांगितलं ते हिला सांगावं, असंही क्षणभर वाटलं. मग तिने ते गिळलं. सगुणा घरी गेली, तिच्या मागोमाग ती कुंभारवाड्यात गेली. ओट्यावर सगुणा बसली होती. समोर चाक थांबलेलं, त्यावरची माती सुकत चाललेली.

"झाकण तूच उघडलंस ना?" सगुणाने वर न बघता विचारलं.

"हो."

"भीती नाही वाटली?"

"वाटली. आत्ताही वाटते."

सगुणाने ओट्यावरची ओली मडकी हाताने बाजूला सारली.

"बस," ती म्हणाली.

हेमकळा बसली. दुसऱ्या दिवशीही आली, तिसऱ्या दिवशीही आली. त्या ओट्यावर सगुणाला जसं शेजारी कुणीतरी मिळालं, तसं तुम्हां-आम्हां सगळ्यांना मिळो.