कारभाऱ्याचं बिऱ्हाड बांधाखाली

पाहुणे आले की आधी वरच्या पडक्या गढीकडे बघतात. अहो, वर काय ठेवलंय? दगड आणि सापांची बिळं. खाली बघा. तलावाच्या बांधाला पाठ लावून ते एकटं कौलारू घर उभं आहे ना, आमच्या गावाचं मूळ ते.

फार जुनी गोष्ट. कान्हर नाईक गढीवरून गावाचा कारभार बघायचा. राजाच्या हुकमानं दर उन्हाळ्यात लोक बांधाची डागडुजी करायचे. मग म्हणे राजधानी पडली, राजा परागंदा झाला. हुकूम करणारा गेला, तसं बांधाकडे बघणारंही कुणी उरलं नाही. त्यातच पावसानं पाठ फिरवली. तलाव आटला, आणि लोकांनी तळाच्या ओल्या गाळात ज्वारी पेरली. गाळपेर म्हणतात तिला. पीक पुरुषभर वाढलं. दरसाल तेच. हळूहळू लोक तलावाला शेतच म्हणू लागले, आणि त्यातला मोठा तुकडा नाईकाचा.

मग एका वर्षी उभ्या पिकात पाऊस आला. ज्याच्यासाठी नवस केले, तोच! पण नाईकाचा जीव कणसांत अडकला. "बांधाला चर मारा, पाणी जाऊ द्या," त्यानं सांगितलं. पाण्याला चर पुरतो होय? अर्धा बांध वाहून गेला आणि खालची कुंभारआळी कितीतरी माणसांसकट गेली. गढीच्या उंबऱ्याला थेंबही लागला नाही.

नाईकाची बायको देमाई. तिनं वरून सगळं पाहिलं होतं.  फुटक्या तलावात पाणी ठरेना, म्हणून पुढच्या उन्हाळ्यात लोकांनी गाव सोडायला गाड्या भरल्या. नाईकही दुसऱ्या राजाच्या चाकरीला निघाला. "चल," म्हणाला.

"तुम्ही व्हा पुढं," देमाई म्हणाली. "मी खाली चालले."

तिनं चुलीचे दगड उचलले, गढी उतरली आणि फुटक्या बांधाच्या तोंडाशी, वाहून गेलेल्या आळीत चूल मांडली. लोक हसले म्हणे. बाईला वेड लागलं म्हणाले. नागो कुंभार तेवढा हसला नाही. त्याची दोन लेकरं पुरात गेली होती. तो संतापून म्हणाला, "बाई, मृग तोंडावर आलाय. मरायचंय का इथं?"

"नाही रे बाबा, जगायचंय. आजवर हुकूम आमचा आणि घर बुडायचं तुमचं. आता बांध फुटला तर आधी माझं घर जाईल. तुझी लेकरं काही मला परत देता येत नाहीत, नागो." एवढं बोलून ती पाटीनं माती टाकू लागली.

 नागोनं गाडीचे बैल सोडले. त्याचं बघून बाकीच्यांनीही सोडले. असं सांगतात, कुणाच्या हुकमावाचून गावानं तेव्हा पहिल्यांदा बांध घातला. जास्तीचं पाणी आपसूक जावं म्हणून कडेला दगडी सांडवा ठेवला. गाळपेर करायची, पण पाणी आलं तर पीक पाण्याचं, हेही ठरलं. त्या पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला. खाली देमाई भाकऱ्या थापत होती. बांध तसूभर हलला नाही. पुढे नाईकही मान खाली घालून परत आला म्हणे. देमाईनं त्याच्या हातात आधी पाटी दिली, मग भाकरी.

आजही आमच्याकडे जो सरपंच होईल त्याचं बिऱ्हाड मृगाआधी बांधाखालच्या त्या कौलारू घरात येतं, ते दिवाळीपर्यंत. यंदाच्या सरपंचबाई तर चैत्रापासूनच रोज बांधावर. दगड न् दगड हलवून बघतात. कुणाला सांगावं लागत नाही. तान्हं लेकरू घेऊन खाली झोपायचंय ना!