तांब्याच्या पंचांगातला नवा दिवस

एका राज्यात सुट्टी द्यायची ती तांब्याच्या पंचांगानेच. हत्तीएवढं ते पंचांग राजवाड्याच्या दारात उभं होतं. त्यात कोरलेल्या सणाला सारं राज्य थांबे. न कोरलेल्या दिवशी कुणी काम टाकून बसला, की त्याचे हात कायमचे लाकडाचे होत.

त्या राज्यात नीळद्वीपाहून आलेले रंगारी राहत. त्यांच्या पूर्वजांनी एका मांत्रिकाला हरवून बेट मुक्त केलं होतं. मरता मरता तो शापून गेला, की ज्या वर्षी हा मुक्तिदिन पाळणार नाही, त्या वर्षी आपल्या एका गावाचं नाव विसराल. पुढे समुद्राने बेट गिळलं आणि रंगारी इथे आले. इथल्या पंचांगात त्यांचा मुक्तिदिन नव्हता. एकोणचाळीस वर्षांत चाळिसांपैकी एकोणचाळीस गावांची नावं गेली. उरलं एकच, शिंपलगाव. तेरणा रंगारणीच्या आईचं ते जन्मगाव.

मग इतकी वर्षं कुणी राजाला सांगितलं कसं नाही? तर नीळद्वीपाची रीत अशी, की पाहुण्याने यजमानाकडे काही मागू नये. ही माणसं अळणी जेवतील, पण शेजारी चिमूटभर मीठ मागायची नाहीत. रीत चांगलीच, पण चांगल्या रीतीनेही घर बुडतं.

मुक्तिदिन नऊ दिवसांवर आला. आई उंबऱ्यात बसून "शिंपलगाव, शिंपलगाव" असं घोकताना तेरणाने पाहिलं. ती तडक राजवाड्याच्या दारी गेली. पंचांगावर एक साळुंकी राखण करी. नवा दिवस कोरायचा तर तीन कामं, असं तिने सांगितलं. काजळडोहातल्या नागाच्या धनातून छिन्नी आणायची, शंभर वर्षं निजलेल्या तांबटाला जागं करायचं, आणि तिसरं परत आल्यावर कळेल.

नागाचं धन शापित होतं. मोहरेला हात लावणारा तिथेच दगड होई. असल्या दगडांचा आधार घेत तेरणा खाली उतरली आणि तिने फक्त छिन्नी उचलली. हार नको का, असं नागाने विचारलं. हार घालून रंगाच्या हौदाशी कशी उभी राहू, असं ती म्हणाली. नाग हसला आणि बाजूला झाला.

नवा सण ऐकल्याखेरीज तांबट जागा होत नसे. तेरणा त्याच्या कानाशी बसून मुक्तिदिनाचं सारं सांगत राहिली. तिसऱ्या दिवशी तो उठला, हातोडी शोधली आणि छिन्नी घेऊन तिच्यामागे निघाला.

"आता तिसरं," साळुंकी म्हणाली. "राजापुढे उभी राहा आणि माग."

नागाला न भ्यालेली तेरणा इथे भ्याली. भरदरबारी, राजा धीरकेतूपुढे, तिचं तोंड उघडेना. तिच्याच आळीतली म्हातारी मंडळी माना खाली घालून उभी होती.

"महाराज, पाहुणे मागत नसतात," ती अखेर म्हणाली. "पण मी इथे जन्मले. मी पाहुणी नाही. आमच्या मुक्तिदिनी साऱ्या राज्याला सुट्टी द्या."

राजाने आपल्या अंगावरच्या रंगीत शेल्याकडे पाहिलं.

"तुम्ही रंगवलेली वस्त्रं आम्ही रोज ल्यालो," तो म्हणाला. "मागत नाहीत म्हणजे काही नको, असंच समजत आलो. चूक आमची. तांबटा, कोर."

मुक्तिदिन उजाडला. बाजार बंद, हौद झाकलेले, आणि कुणाचेही हात लाकडाचे झाले नाहीत. शाप तुटला. पटांगणात तेरणाची आई उभी राहिली आणि एकामागून एक गावांची नावं तिच्या ओठी येऊ लागली. म्हातारे रडत होते, रडताना हसत होते. चाळीस नावं झाली. लोक उठू लागले, तसा आईने हात वर केला आणि एकेचाळिसावं नाव घेतलं. ते या नगराचं होतं.