गाळ कोण काढणार?

फार जुन्या काळी, डोंगराच्या कुशीत एक खाऊनपिऊन सुखी गाव होतं. गावाला मोठा तलाव होता. त्याच्या पाण्यावर भात पिके, गुरं जगत. पण दर उन्हाळ्यात तलावातला गाळ उपसावा लागे, आणि गावातली तरणी पोरं तर राजधानीत चाकरीला गेलेली. उरलेले म्हणत, "चिखलात कोण उतरणार?"

चिखलात उतरायला घाटापलीकडून माणसं येत. त्यांची म्होरकी होती धुरपा. मुलगा, सून, तान्हा नातू, सोयरेधायरे, सगळ्यांना घेऊन ती यायची आणि उन्हातान्हात राबायची. काम होईस्तोवर गावकरी गोड बोलत. दिवस कलला की पाटील ओरडे, "चला, वेशीबाहेर व्हा!" परक्यांनी गावात राहायचं नाही, असा त्याचा दंडकच होता. धुरपा दातओठ खाई. पण पोटासाठी गप्प बसे.

एका उन्हाळ्यात नातू तापाने फणफणला. धुरपा त्याला छातीशी धरून वैद्याकडे धावली. पाटील वेशीतच आडवा आला.

"वैद्य गावाचा आहे. आज औषध मागाल, उद्या घर मागाल!"

"पाटील, तुमच्या तलावात आमची हाडं झिजली. लेकराला घोटभर काढा तरी द्या!"

"कामाचे दाणे मिळाले ना? मग निघायचं."

सांज व्हायच्या आत लेकरू गेलं. धुरपा रडली नाही. त्याला मातीआड करून तिने आपली गाळाची पाटी तलावात भिरकावली आणि माणसं घेऊन घाट चढून गेली.

पुढच्या उन्हाळ्यात कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पाऊस पडे, पण पाणी साठायला तलावात जागाच उरली नाही. शेवटी पाटील घाट ओलांडून गेला. दुसऱ्या एका गावाने धुरपाच्या माणसांना जागा दिली होती. तिथं धुरपा आपल्या घराची भिंत लिंपत होती.

"धुरपाबाई, दुप्पट धान्य देतो. तेवढे कामाला हात द्या."

धुरपा ताडकन उभी राहिली. "हात? याच हातांनी नातवाला पुरलंय मी! सुटे हात कुठं मिळाले तर बघा, पाटील. आमच्याकडं अख्खी माणसं आहेत. ती तापानं फणफणतात, त्यांना लेकरं होतात. ती तुमच्या गावात मावत नाहीत."

"चुकलं माझं," पाटील पुटपुटला.

"चुकलं असं ताक सांडल्यावर म्हणतात. लेकरू मारल्यावर नाही!"

पाटील परतला आणि स्वतः फावडं घेऊन गाळात उतरला. दुपारपर्यंत हात सोलून निघाले. गावकरी बांधावर उभे राहून बघत राहिले. एकही खाली उतरला नाही.

त्या साली थंडी पडण्याआधीच तलावाचा तळ दिसला. भात करपला. एकेक घर गाडीत सामान भरून परमुलखात निघालं, काम आणि आसरा मागत. हे कानावर आलं तेव्हा धुरपाला आनंद झाला नाही. पण तिचा राग तसूभरही निवला नाही.

म्हणून लक्षात ठेवा: ज्यांना परक्याचे कष्ट चालतात पण परका चालत नाही, त्यांचं गाव ओस पडतं.