एकाच मापाचा डिंक

फार फार पूर्वीची म्हणावी इतकी ही गोष्ट जुनी नाही, आणि काल-परवाची म्हणावी तर साक्षीदार सापडत नाही. तेव्हा मधलं काहीतरी धरा. समुद्राच्या काठाला एक राज्य होतं. राज्य एवढं लहान, की राजाने घोड्याला टाच मारली की घोडा पहिल्याच उडीत परमुलखात जाई, आणि राजाला तिथल्या चौकीवर नाव-गाव सांगून परत यावं लागे.

या राज्यात एक बाई चित्रांसाठी रंगाच्या कांड्या करायची. सगळे तिला आक्का म्हणत. रंगाची माती बारीक वाटायची, तिच्यात पांढऱ्या खडूची पूड घालायची, डिंकाच्या पाण्यात ते मळायचं आणि फळीवर बोटाएवढ्या कांड्या वळून सावलीत वाळवायच्या. ऐकायला सोपं आहे. गावातल्या शेवया करणाऱ्या बायकाही म्हणायच्या, "यात काय मोठंसं?" मग दोन दिवस करून बघायच्या आणि मुकाट्याने परत शेवयांना लागायच्या.

आक्काच्या कांड्या लोण्यासारख्या मऊ. कागदाला नुसती टेकवली तरी रंग उतरायचा. तिच्या पिवळ्याने राजवाड्यातल्या म्हाताऱ्या चिताऱ्याने एकदा भिंतीवर केळ्यांचा घड काढला, तर दुसऱ्या दिवशी त्यातली पाच केळी नाहीशी झाली होती म्हणतात. लोकांना वाढवून सांगायची सवय असते. आपण दोन धरू.

सगळी करामत होती डिंकाच्या पाण्यात. गेरू आणि पिवळी माती या जातीच्याच चिकट. त्या स्वतःला स्वतः धरून राहतात, त्यांना डिंकाचा नुसता वास दाखवला तरी पुरे. निळ्या दगडाची पूड मात्र वाळूसारखी सुटी, तिला घट्ट डिंक पाजावा लागतो. काजळीचं आणखी तिसरंच. त्यातही या खाणीची माती त्या खाणीसारखी नसते. म्हणून आक्का प्रत्येक रंगाची आधी नखाएवढी गोळी करून वाळवी, डाव्या तळहातावर ओढून बघे, आणि मगच डिंक किती ते ठरवी. तिचा तो तळहात इतका रंगलेला असे, की एकदा एका ज्योतिष्याने तो बघून सात जणांचं भविष्य सांगितलं.

असं सगळं ठीक चाललं होतं. तेवढ्यात राज्याला नवे कारभारी मिळाले.

कारभारी माणूस प्रामाणिक. पहाटे उठणारा, लाच न खाणारा. पण त्यांना सगळं एकसारखं लागे. आल्या आल्या त्यांनी सगळ्या पहारेकऱ्यांना एकाच मापाच्या वहाणा दिल्या. त्या दिवसापासून अर्धे पहारेकरी लंगडत पहारा देत आणि उरलेले अर्धे वहाणा हातात धरून.

त्याच सुमारास राजाच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं. नवरा समुद्रापलीकडचा. लग्नानंतर चौथ्या दिवशी भरती येताच जहाज सुटणार, आणि मग दहा-बारा वर्षं तरी लेक डोळ्यांना दिसायची नाही. राणीने एकच गोष्ट मागितली. म्हणाली, "जायच्या दिवशी ती नटून बसेल, तेव्हाचं तिचं चित्र मला हवं. पुढची वर्षं मी त्याच्याशी बोलेन."

चितारी म्हणाला, "काढतो, राणीसाहेब. पण कांड्यांनीच. कुंचल्याचा रंग वाळायला दिवस लागतात, आणि भरती काही माझ्यासाठी थांबायची नाही. शिवाय मी समोर बघून काढतो, आठवून नाही. आठवून काढलेला चेहरा शेवटी काढणाऱ्याचाच होतो."

कांड्यांचं काम अर्थातच आक्काकडे आलं. आणि कामाच्या मागोमाग कारभारी आले.

आक्का अंगणात डिंक कालवत बसली होती. कारभाऱ्यांनी एकेका वाडग्यात डोकावून पाहिलं. "हे काय? या वाडग्यात डिंक घट्ट, आणि हा नुसता पाण्यासारखा?"

"तो गेरूचा आहे, साहेब."

"मग गेरूने काय घोडं मारलंय? निळ्याचे लाड का?"

"लाड नाहीत, साहेब. त्याचं असं आहे..."

"अगं, कांड्या वळायला डोकं कशाला लागतं? आमची म्हैससुद्धा शेणाचा पो टाकते तो एकसारखा टाकते. तुला एवढं जमू नये?"

कारभाऱ्यांबरोबर चार शिपाई होते. चौघेही हसले. कुंपणापलीकडून बघणारी कासारीणही हसली. त्यातही आक्काला कासारणीचं हसणं लागलं.

कारभाऱ्यांनी खिशातून एक पितळी पळी काढली. "आजपासून प्रत्येक रंगाला ही एक पळी डिंक. ना कमी, ना जास्त. सगळ्यांना सारखा न्याय. जुन्या कांड्या, चिताऱ्याकडच्यासुद्धा, जमा करून कुटायच्या आणि या मापाने नव्या करायच्या." मग त्यांनी आक्काकडे पाहिलं आणि आवाज जरा खाली आणला. "काही अडचण असेल तर आत्ता सांग. मी ऐकून घेणारा माणूस आहे."

आणि ते खरंही होतं. कारभारी मूर्ख असतील, पण त्यांनी विचारलं होतं, आणि उत्तरासाठी थांबलेही होते.

आक्काने पदर खोचला. "अडचण कसली, साहेब? आपण म्हणाल तसं."

कारभारी खूश होऊन गेले. ते वळणावरून दिसेनासे झाल्यावर आक्काही खूश झाली.

शेजारी राहणारी तिची नणंद धावत आली. "वहिनी, त्या पळीने गेरूचा दगड होईल ना गं?"

"होईल की."

"आणि निळ्याचा भुगा?"

"पीठ होईल, पीठ."

"मग बोलली का नाहीस?"

"मी का बोलू? मला म्हशीच्या पंक्तीला बसवलंय ना? मग म्हैस कधी बोलते का?" आक्काने पळी उलटसुलट करून पाहिली. "आता गंमत बघ. कांड्या आधी दरबारात दाखवतात, ही रीतच आहे. तिथे कोणीतरी एखादी ओढून बघेल, आणि याची भर दरबारात अशी जिरेल, की परत पळीने आमटी वाढायचीसुद्धा लाज वाटेल."

"आणि त्या पोरीचं चित्र?"

"दरबारानंतर चार दिवस मिळतात. तेवढ्यात मी नव्या करून वाळवून देते. माझा काय आजचा धंदा आहे?"

नणंद मान हलवत घरी गेली.

आक्काने आपल्याच चांगल्या कांड्या आपल्याच हाताने कुटल्या आणि पूड धुऊन जुना डिंक काढून टाकला. पळी पळी डिंक घातला आणि नव्या वळल्या. वाळल्यावर गेरूची कांडी तिने तळहातावर ओढली. रंग आला नाही, ओरखडा आला. निळी उचलली तर बोटांत नुसती फुस्स झाली. आक्का इतकी हसली की तिला उचकी लागली. मग तिने दुसरी निळी कांडी जपून, तान्ह्या बाळासारखी कापसात ठेवली.

दरबाराचा दिवस आला. आक्का नवं लुगडं नेसून पुढच्या रांगेत बसली. आता कोण कांडी उचलतो, राजा की चितारी, एवढंच बघायचं होतं.

कोणीच उचलली नाही. कारण कारभाऱ्यांना एकसारखेपणाखालोखाल काही आवडत असेल तर ती मोहोर. त्यांनी पेटी सगळ्यांना लांबूनच दाखवली, झाकण लावलं, लाख वितळवली आणि म्हणाले, "महाराज, नवरीच्या कामाची वस्तू. चित्राच्या वेळेपर्यंत हिला कुणाचा हात लागू नये." राजाने मान डोलावली. दरबाराने वाहवा केली. एवढीच वाहवा कुणी आपली केली असती तर, असंही आक्काच्या मनात येऊन गेलं.

मग तिच्या ध्यानात आलं, पेटी आता थेट चित्राच्या वेळीच उघडणार. तिने बोटांवर दिवस मोजले. आत्ता बोललं तर अजून जमत होतं.

कारभारी लाखेवर मोहोर टेकवणार, तेवढ्यात त्यांची नजर तिच्याकडे गेली. "काय गं आक्का? काही सांगायचंय का?"

शंभर माणसं वळून बघू लागली. आता सांगावं, तर पहिला प्रश्न येणार की त्या दिवशी का नाही बोललीस. आणि कासारीण मागच्याच रांगेत होती.

"नाही, साहेब," आक्का म्हणाली.

मोहोर बसली.

पुढचे चार दिवस आक्काला जेवण गेलं नाही. दर सकाळी ती राजवाड्याकडे निघायची आणि विहिरीपर्यंत जाऊन पाणी न घेताच परत यायची. नणंद दारातून बघायची.

जायचा दिवस उजाडला. राजकन्या निळ्याशार लुगड्यात, नथ घालून, सज्जात बसली. खाली खाडीत जहाजाचं शीड चढत होतं. चिताऱ्याने कागद फळीवर ताणला. कारभाऱ्यांनी लाख फोडली.

चिताऱ्याने आधी गेरू उचलला. त्या राज्यात नवरीच्या चित्राला काळा लावत नसत, चेहऱ्याच्या रेघाही गेरूनेच काढत. त्याने कपाळाची रेघ ओढली. पाटीवर सुरी घासावी तसा आवाज झाला आणि राजवाड्यातली कुत्री शेजारच्या राज्यात पळाली. राज्य लहान, फार लांब जावं लागलं नाही. कागदावर काहीच नव्हतं. त्याने जोर दिला, तर कांडी कागदातून आरपार गेली आणि फळीत जाऊन बसली. दोघा शिपायांना ओढूनही ती निघेना. पिवळीचं तेच. ती कुटून पूड करावी म्हणून कुणी वरवंटा आणला, तर वरवंट्याचे दोन तुकडे झाले. कुणी देवघरातली हळद आणली, ती कागदावरून घसरून खाली पडली.

मग त्याने कापसातून निळी उचलली, आणि सज्जात एक निळा ढग उठला. राजाच्या मिशा निळ्या झाल्या, पुरोहित निळे झाले, एक मांजर असं निळं झालं की त्याची नातवंडंसुद्धा निळसर निघाली. पण निदान तो रंग बोटाने कागदावर चोळता तरी येत होता. म्हाताऱ्याने तो चोळला. लुगडं चोळलं, पदर चोळला, मागचा समुद्र चोळला.

"चेहरा, चितारीबाबा," राणी म्हणाली. "चेहरा काढा ना."

"कशाने काढू, राणीसाहेब? निळा चेहरा देवाला शोभतो, लेकीला नाही."

खाली जहाजावर शिंग वाजलं. राजकन्येने आईच्या गळ्याला मिठी मारली. "आईसाहेब, राहू दे आता," म्हणाली, आणि निघाली. भरती कुणाची वाट बघत नव्हती.

जहाज ठिपक्याएवढं झाल्यावर राजाने विचारलं, "हे कुणाचं काम?"

कारभारी पुढे झाले. त्यांच्या भुवयासुद्धा निळ्या होत्या, पण हसायला कुणाला सुचलं नाही. "चूक माझी, महाराज. माप माझं होतं." मग ते गोंधळून आक्काकडे वळले. "पण मी हिला विचारलं होतं. दोनदा."

राजा म्हणाला, "आक्का, तुला ठाऊक होतं?"

"होतं, महाराज."

"मग?"

आक्काला म्हैस आठवली, शिपायांचं हसणं आठवलं, कासारीण आठवली. त्यातलं एकही त्या सज्जात, त्या चित्रासमोर, सांगण्याजोगं नव्हतं.

राजाने कारभाऱ्यांना वर्षभर आक्काच्या हाताखाली फळ्या धुवायला बसवलं. ते त्यांनी नीट केलं, आणि प्रत्येक फळी एकसारखी धुतली. आक्काला राजाने काहीच शिक्षा केली नाही. केली असती तर तिला बरं वाटलं असतं.

घरी येऊन तिने गेरू वाटायला घेतला. उभ्या जन्मात वाटला नव्हता इतका बारीक वाटला. नखाएवढ्या गोळ्या केल्या, एक नाही, अकरा. अकरावी तिच्या मनासारखी उतरली. मग एकच कांडी वळली आणि पाच दिवस सावलीत वाळवली. तशी कांडी तिच्या हातून आधी कधी झाली नव्हती, नंतरही झाली नाही.

ती घेऊन आक्का राजवाड्यात गेली. भिंतीवर चित्र टांगलेलं होतं. निळं लुगडं, निळा पदर, मागे निळा समुद्र. मध्ये, चेहऱ्याच्या जागी, कोरा कागद आणि कपाळाशी एक भोक. राणी त्याच्यासमोरच बसली होती.

आक्काने कांडी पुढे केली. राणीने ती घेतली आणि आपल्या तळहातावर एक रेघ ओढली. लोण्यासारखी, भरदार, नवरीच्या गालाच्या रंगाची रेघ.

"किती छान उतरते गं," ती म्हणाली. "त्या दिवशी कुठे होती ही?"

आणि या गोष्टीतून घ्यायचं ते तात्पर्य: चुकणाऱ्याची फजिती बघायची म्हणून जाणणारा गप्प बसला, तर फजिती होते ती भलत्याच कुणाची तरी. आणि वेळ गेल्यावर आणलेलं शहाणपण कितीही चांगलं असलं, तरी ते घेऊन करायचं काय, हे कुणालाच सांगता येत नाही.