कबरी आणि तांब्याचं पातेलं

एका गावात दोन घरांच्या मधे कमरेएवढी मातीची भिंत होती. माणसांना ती पुरत होती. कोंबड्यांना मात्र भिंत कशाला म्हणतात हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

भिंतीच्या अलीकडे राहायची कुरडईवाली. उन्हाळा लागला की गावच्या बायका तिच्या दारात गहू आणून टाकायच्या. ही बाई तो भिजवायची, वाटायची, मोठ्या तांब्याच्या पातेल्यात चीक शिजवायची आणि अशा पांढऱ्याशुभ्र कुरडया घालायची की बघत राहावं. घरात ती आणि तिचे म्हातारे सासरे, दोघंच. वर्षाची चूल त्या उन्हाळ्याच्या कमाईवर पेटायची.

पलीकडे राहायची कोंबडीवाली. नवरा कधीच देवाघरी गेलेला, तेव्हा खुराडं हाच तिचा संसार. त्या वर्षी कोंबड्यांवर मर आली आणि खुराडं ओस पडलं. वाचली एकटी कबरी.

आता ही कबरी म्हणजे शुद्ध अवदसा बरं का. इकडे कुरडईवालीनं चादरीवर ओल्या कुरडया घातल्या, की तिकडे ही भिंतीवर. टुणकन उडी, की चादरीवरून फेरफटका. खायची थोडं आणि तुडवायची फार. कुरडईवाली सांगून सांगून थकली. कोंबडीवाली म्हणायची, “मुकं जनावर आहे गं, त्याला काय कळतंय.” एके दिवशी मात्र निम्मी चादर उकरलेली बघून कुरडईवालीचा तोल गेला. भर गल्लीत ती ओरडली, “पुन्हा आली तर रस्साच करते तिचा.”

आणि झालं काय, तर दुसऱ्या दिवसापासून कबरी गायब.

कोंबडीवालीनं गाव पालथं घातलं. कबरी कुठं मिळेना. भिंतीच्या अलीकडे मात्र दोन कबरी पिसं पडलेली दिसली. मग काय विचारता. बोललेला शब्द आणि पडलेलं पीस, गल्लीला आणखी कशाची गरज?

खरी गोष्ट अशी, की ही बोंब उठली त्याच सकाळी कुरडईवालीला कबरी दिसली होती. अंगणाच्या कोपऱ्यात गोवऱ्या रचून केलेला मोठा हुडवा होता. चुलीसाठी गोवरी ओढायला तिनं हात घातला, तर आतून ‘क्र्र्र’ असा आवाज आला. वाकून बघते तो काय, गोवऱ्यांच्या पोकळीत कबरी अंग फुगवून बसलेली, आणि पोटाखाली अंडी. कुरडईवालीनं हात तसाच मागं घेतला. तिला राग यायला हवा होता, पण आलं हसू. ‘सांगते हिच्या मालकिणीला,’ असं म्हणून ती वळली, तोच दारात गल्ली येऊन उभी राहिली. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात खराटा, आणि सगळ्यांच्या पुढं रडून डोळे लाल झालेली कोंबडीवाली.

“खाल्लीस ना माझी कबरी?”

“अगं, खाल्ली नाही. तू आत ये, तुझ्या एकटीशी बोलायचंय.”

“एकटीशी कशाला? जे काय असेल ते चार लोकांत बोल.”

एकजण तर म्हणाला, “झडती घ्या. आधी तो हुडवा उपसा, पिसं तिथंच दडवली असतील.”

कुरडईवाली धावली आणि हुडव्यापुढं हात पसरून उभी राहिली. “हुडव्याला हात लावायचा नाही.”

खरं तर तिच्या ओठांवर आलं होतं, की कोंबडी आत आहे, जिवंत आहे. एवढं बोलली असती तर ती तिथल्या तिथं सुटली असती. पण समोरचा घोळका तिला दिसत होता. एक शब्द काढला की हे सगळे हुडव्यावर तुटून पडणार. बुजरी कोंबडी एकदा हबकून उठली की पुन्हा बसत नाही. अंडी थंड पडली, की कोंबडीवालीचं खुराडं कायमचं रिकामं.

“मग भरपाई कर,” कोंबडीवाली म्हणाली. “ती एकच उरली होती माझी.”

कुरडईवाली घरात गेली. बाहेर आली ती तांब्याचं पातेलं घेऊन. सासूनं तिच्या हाती दिलेलं, नुकतंच कल्हई केलेलं. तिनं ते कोंबडीवालीच्या पुढ्यात ठेवलं. लोक एकमेकांकडे बघून माना डोलवत परतले. चोरी कबूल केली, दुसरं काय?

सासरे ओट्यावरून सगळं बघत होते. ते म्हणाले, “सूनबाई, संध्याकाळी तरी जाऊन तिच्या कानात सांग.”

ती गेली. कोंबडीवालीनं आतून कडी घातली. “तुझ्या तोंडचं अक्षर ऐकायचं नाही मला.” पुन्हा गेली, तरी तेच. दुसऱ्या कुणाच्या तोंडी निरोप धाडावा, तर एकाला सांगणं म्हणजे दवंडीच.

“राहू दे मामंजी,” ती म्हणाली. “माझं नाव काय, आज गेलं तर उद्या येईल. अंड्यातला जीव गेला की गेला.”

बोलायला सोपं हो. भोगायला नाही. गहू टाकून गेलेल्या बायका गहू परत न्यायला आल्या. “कोंबडी गिळणारीच्या हातची कुरडई नको,” असं तोंडावर सांगून गेल्या. हुडव्यातली गोवरी ओढता येईना, म्हणून ती रानातून काटक्या वेचून आणायची. पातेलं नाही, म्हणून घरच्याच गव्हाचा थोडा थोडा चीक छोट्या कढईत शिजवत दिवसभर धुरात बसायची. आणि रोज न चुकता हुडव्याच्या तोंडाशी करवंटीत पाणी आणि मूठभर ज्वारी ठेवायची. एखाद्या दिवशी रडूही यायचं तिला. रडून झालं की करवंटी भरायची.

असे दिवस गेले. एका सकाळी तिनं चादरीवर कुरडया घातल्या आणि राखणीची काठी घेऊन बसली. हुडव्यातून चिवचिव ऐकू आली. मग बाहेर आली कबरी, ऐटीत, आणि तिच्या मागं पिल्लांची रांग. गेली कुठं म्हणाल? थेट चादरीवर. सगळी वरात ओल्या कुरडयांवरून निघाली.

कुरडईवालीनं काठी खाली ठेवली.

चिवचिव ऐकून भिंतीपलीकडून कोंबडीवालीनं डोकावलं. तिला कबरी दिसली. पिल्लं दिसली. तुडवल्या जाणाऱ्या कुरडया दिसल्या आणि काठी खाली ठेवून बसलेली शेजारीण दिसली. मग तिची नजर गेली हुडव्याच्या तोंडाशी, करवंटीवर आणि उरलेल्या ज्वारीवर. तिला सगळं कळलं.

“बोलली का नाहीस गं?”

“बोलायलाच आले होते. तू कडी घातलीस.”

कोंबडीवाली घरात गेली आणि पातेलं घेऊन निघाली. भिंत कमरेएवढीच होती, वरून सहज देता आलं असतं. पण ती तशी आली नाही. पातेलं डोक्यावर घेऊन ती गल्लीच्या टोकाला गेली आणि तिथून दारोदार थांबत आली. प्रत्येक दारात तेच सांगत होती, “कबरी मिळाली. शेजारणीनं माझ्या शिव्या खाऊन तिची पिल्लं जगवली. आळ मी घेतला होता, खोटा.” शेवटच्या दारात पोहोचली तेव्हा तिच्या मागं अख्खी गल्ली होती, आणि नेलेला गहू बायकांच्या डोक्यावर परत येत होता.

पातेलं खाली ठेवून ती पाया पडायला वाकली. कुरडईवालीनं तिला वरच्या वर धरलं. “पाया नको पडू, बाई. आधी तुझ्या पोरीला चादरीवरून उठव.”

त्या उन्हाळ्यापासून दर वर्षी कुरडया वाळेपर्यंत कोंबड्या बांबूच्या डालग्याखाली राहू लागल्या, आणि चादरीच्या राखणीला काठी घेऊन कोंबडीवाली स्वतः बसू लागली. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं.

तात्पर्य: स्वतःचं खरं सिद्ध करण्यापेक्षा शेजाऱ्याचं भलं ज्याला मोठं वाटतं, त्याच्या खरेपणाची ग्वाही शेवटी शेजारीच दारोदार देतो.