सरकार, वाक्य संपलं नाही!

भिवा भोई घोरला. तेही भर दरबारात, भानुजीराजांनी स्वतः लिहिलेली शिकारकथा शास्त्रीबुवा वाचून दाखवत असताना!

तसे झोपले सगळेच होते. पण दरबारी मंडळी मुरलेली. उघड्या डोळ्यांनी झोपावं आणि झोपेतच 'वाहवा' म्हणावं, ही कला त्यांना साधली होती. भिवा बिचारा राजांची पालखी वाहणारा, त्याला हे कोण शिकवणार? त्याची रवानगी थेट कोठडीत झाली.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको ठकू दरबारात उभी राहिली.

"सरकार, दोष माझ्या नवऱ्याचा नाही."

"मग कोणाचा? आमच्या पुस्तकाचा?" राजे गरजले. "सिद्ध कर! सुटेल तुझा नवरा. मात्र पुस्तकाला एक शब्द वावगा बोललीस, तर तूही आत!"

दिवाणजी गालात हसले. दोष दाखवायचा आणि बोलायचं नाही! बाई पुरती अडकली.

ठकूनं पदर खोचला. "बोलायचं कशाला, सरकार? पालखीत बसा. शास्त्रीबुवा शेजारून पुस्तक वाचत चालतील. वाक्य चालू तोवर भोई चालतील, वाक्य संपलं की थांबतील. आपल्या शब्दावर पालखी चालेल!"

राजे खूश! आपल्या शब्दावर राज्य चालतं, मग पालखी का नको? दरबारी मंडळी 'वाहवा' म्हणत मागोमाग निघाली.

शास्त्रीबुवा वाचू लागले, "आम्ही पहाटे उठलो व उठून तोंड धुतलं व धुऊन घोड्यावर बसलो व बसून निघालो व..."

देवीचं देऊळ आलं. "थांबा, दर्शन घेऊ," राजे म्हणाले.

"सरकार, वाक्य संपलं नाही!" पालखीशेजारून चालणारी ठकू म्हणाली.

वेस मागं पडली. बाभळीच्या काट्यांनी राजांचं पागोटं ओढून घेतलं. शास्त्रीबुवा धापा टाकत होते, "...व निघून रान गाठलं व गाठून..."

"अगं, समोर नदी आहे!"

"पण वाक्य कुठं संपलंय, सरकार?"

पालखीत पाणी शिरलं तसे राजे ओरडले, "शास्त्री, तोड ते वाक्य! कुठंही तोड! माणसानं दम कुठं घ्यायचा?"

शास्त्रीबुवा घाबरले. त्यांनी दहा पानं उलटली आणि एकदम वाचलं, "वाघ दिसला."

भोई थांबले. मागची दरबारी मंडळी दचकून जागी झाली. "वाघ? कुठाय वाघ?" दिवाणजी तर झाडावरच चढले!

"आता माघारी चला," राजे पागोटं शोधत म्हणाले, "आणि वाक्यं तोडून तोडून वाच!"

"वाघ आला." भोई थांबले. "आम्ही उठलो." थांबले. "बाण घेतला." थांबले. दर दोन पावलांना हिसका! राजांचं कपाळ पालखीच्या दांडीवर आपटलं.

"अरे, कुठं लांब घ्यावं, कुठं आखूड, एवढंही कळू नये लिहिणाऱ्याला?"

ठकूनं हात जोडले. "हे सरकारच बोलले हं! मी पुस्तकाबद्दल चकार शब्द काढला नाही."

राजांनी कपाळ चोळलं. मग असे हसले, की पालखी पुन्हा हलली!

"सोडा रे भिवाला! ठकू, आता पुढचं पुस्तक आम्ही पालखीत बसूनच लिहिणार."

"जरूर लिहा, सरकार. पण भोई मात्र दुसरे बघा!"

राजे पोट धरून हसले आणि हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी ठकूच्या ओंजळीत टाकलं.